लेबर रूमला स्टार द्यायचे झाले तर

मिक्सरचं झाकण नीट बसत नाही म्हणून लोक चार चार परिच्छेद लिहितात, फोटो टाकतात, वर एक स्टार देऊन मोकळे होतात. आणि ज्या खोलीत बाई आयुष्यातले सगळ्यात अवघड बारा-पंधरा तास काढते त्या लेबर रूमचा रिव्ह्यू शोधायला गेलं तर काय मिळतं? रिसेप्शन छान आहे, पार्किंगला जागा आहे, डॉक्टर हसतमुख आहेत. बास. खरा रिव्ह्यू असतो, पण तो लिहिलेला नसतो, तो बायका बायकांना सांगतात, दबक्या आवाजात, आणि एकदा का तो कानात गेला की मग भिंतीवर कितीही पोस्टरं लावा, निघत नाही.

असाच एक रिव्ह्यू मी दिला होता. त्याचं फळ आत्ता समोर आलंय म्हणून हे लिहायला बसलेय.

माझी धाकटी जाऊ सातव्या महिन्यात आहे. परवा कपड्यांच्या घड्या घालता घालता अगदी सहज म्हणाली, "ताई, घरीच झालं तर नाही का चालणार? त्या ओळखीच्या बाई आहेत ना, त्यांच्या हातून किती झाल्यात." घरात नुसता गोंधळ. सासूबाई चिडल्या, दीर म्हणाला डोकं फिरलंय का तुझं, कोणीतरी म्हणालं एवढं शिकून काय उपयोग. ती गप्प बसली. आता ही मुलगी काही अडाणी नाहीये, डिग्री आहे, तपासण्यांची फाईल तारीखवार लावलेली, हिमोग्लोबिन किती बीपी किती सगळं तोंडपाठ. रात्री तिला एकटीला गाठलं आणि म्हणलं खरं काय ते सांग. तर म्हणते, "ताई तुम्हीच नाही का सांगितलं होतं, त्या सिस्टर काय काय बोलल्या, पडदासुद्धा नव्हता. तुम्ही सांगत होता तेव्हा सगळे हसत होते, मला नाही आलं हसू."

पोटात गोळाच आला माझ्या. कारण ती गोष्ट मी सहा वर्षं विनोद म्हणून सांगत आलेय, आणि कायम अर्धीच सांगत आलेय.

तर हा पूर्ण रिव्ह्यू. माझी दोन बाळंतपणं, दोन वेगवेगळी ठिकाणं, पहिलं मोठा दवाखाना आणि दुसरं छोटं केंद्र. नावं घेणार नाही, कुठलं गाव तेही नाही. एक तर पहिल्या ठिकाणच्या माणसांनीच मला जिवंत घरी पाठवलंय, आणि दुसरं म्हणजे अशी ठिकाणं सगळीकडे आहेत, तुम्ही वाचताना तुमच्या ओळखीचंच आठवाल.

पोचण्यापासून सुरू करते. कळा सुरू झाल्या रात्री अकराच्या सुमारास आणि आम्ही घरातून निघालो पहाटे चारला. पाच तास कशात गेले? नवरा कामासाठी बाहेरगावी, सासूबाई म्हणाल्या पहिलटकरणीला वेळ लागतो (हे तसं खरंच आहे), सासरे म्हणाले त्याला फोन लागू दे मग ठरवू, फोन काही लागेना, मग शेजारच्यांची गाडी, मग गाडीवाला उठेना. या सगळ्यात मला कोणी विचारलंच नाही की बाई गं तुला काय वाटतंय, आणि खरं सांगायचं तर मलाही सुचलं नाही की आपण म्हणावं, उठा, चला. पोट माझं आणि मी वाट बघतेय बाकीचे काय ठरवतात त्याची!

पुढे वाचण्यात आलं की याची रीतसर मांडणी आहे. १९९४ साली सिरीन थॅडियस आणि डेबोरा मेन या दोघी संशोधकांनी बाळंतपणात बायका का दगावतात हे शोधताना तीन उशीर सांगितले. जायचं ठरवायला उशीर, पोचायला उशीर, आणि पोचल्यावर उपचार मिळायला उशीर. आमचे पहिले दोन घरच्या उंबऱ्यातच होऊन गेले. त्या मांडणीत मला सगळ्यात भिडलं ते हे की हे तीन उशीर सुटे सुटे नाहीत. तिसरा उशीर जिथे होतो त्या जागेची बातमी फिरते, आणि दुसऱ्या कुठल्यातरी बाईच्या घरी त्या बातमीने पहिला उशीर सुरू होतो. माझ्या जावेचं अगदी तेच झालंय, फक्त ती बातमी फिरवणारी मी.

पोचण्याला एक स्टार. हा दवाखान्याला नाही हो, आम्हाला.

आत गेल्यावर केस पेपर, मग ही खिडकी ती खिडकी, दोन कळांच्या मधे मी सही केली ती आजही फाईलवर बघितली की हसू येतं, कोंबडीने पाय उमटवल्यासारखी. मग तपासलं आणि सांगितलं तीन सेंटीमीटर उघडलंय, वेळ आहे, बाहेर फिरत राहा. एवढंच. मला वाटलं मला हाकलतायत. मी रडायला लागले तर म्हणे आत्तापासून रडायला लागलीस तर पुढे काय करशील.

आता गंमत अशी की सिस्टर बरोबर होत्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या शिफारशी आहेत, त्यात गर्भाच्या पिशवीचं तोंड पाच सेंटीमीटर उघडेपर्यंतचा टप्पा हा सुरुवातीचाच धरलाय, त्याला किती तास लागतील याचं ठरलेलं गणित नाही, आणि तासाला एक सेंटीमीटर उघडलंच पाहिजे हा जुना नियम सरसकट सगळ्यांना लावू नका असंही सांगितलंय. म्हणजे घाई न करणं हीच चांगली सेवा होती. पण हे दोन वाक्यात सांगायला अर्धं मिनिट लागलं असतं ना? बाई सगळं ठीक आहे, बाळाचे ठोके चांगले आहेत, अजून वेळ लागेल, घाबरू नको. तेवढं कोणी सांगितलं नाही म्हणून मी चार तास अशी बसले होते की आपल्याकडे कोणाचं लक्षच नाहीये.

आणि एकटी. सोबतीला कोणालाच आत सोडत नव्हते. आई बाहेर बाकावर, मधे एक दार, दाराला एक गोल काच, ती पण वरच्या बाजूला, आईची उंची पुरेना. सोबत ही काही लाड करून घ्यायची गोष्ट नाही हेही मला नंतरच कळलं. प्रसूतीच्या वेळी शेजारी सतत कोणीतरी धीर द्यायला असलं तर काय होतं याचे १७ देशांतले २६ अभ्यास एकत्र करून २०१७ ला कॉक्रेनचा (वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणारी संस्था) आढावा आला, १५ हजारांच्या वर बायका होत्या त्यात. सोबत असली की नॉर्मल होण्याचं प्रमाण वाढतं, सीझर थोडी कमी होतात, कळांचा वेळही जरा कमी होतो, आणि नंतर त्या अनुभवाबद्दल कडवट बोलणाऱ्या बायकाही कमी असतात. यातलं काहीच मशीनने होत नाही. एक खुर्ची लागते आणि एक पडदा लागतो, म्हणजे शेजारच्या टेबलावरच्या बाईची अब्रू राहील.

पडदा. हां, तर पडदा नव्हता. चार टेबलं ओळीने, आतून तपासताना दार उघडं, कोण येतंय कोण जातंय काही कळत नव्हतं, एकाने तपासलं मग दुसऱ्याने मग शिकणाऱ्या तिघांनी, कोणी नाव सांगितलं नाही की विचारलं नाही. शेवटी शेवटी मी ओरडायला लागले तेव्हा जे वाक्य ऐकवलं ते मी इथे लिहित नाही, ज्या बायका अशा खोलीत गेल्यात त्यांना ते पाठ आहे, "तेव्हा नाही का..." ने सुरू होतं. मांडीवर एक चापटही बसली. हाच तो भाग जो मी हसून हसून सांगायचे, त्या सिस्टरच्या आवाजाची नक्कल करून. नक्कल मला छान जमते. जमते म्हणूनच घात झाला.

मला वाटायचं आपलंच नशीब. पण २०१९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात घाना, गिनी, म्यानमार आणि नायजेरिया इथला अभ्यास छापून आला, त्यात निरीक्षक स्वतः लेबर रूममध्ये बसून सुमारे दोन हजार बायकांच्या प्रसूती बघत होते. ४० टक्क्यांहून जास्त बायकांना मारणं, ओरडणं, टोमणे किंवा भेदभाव यातलं काहीतरी सोसावं लागलं. तेही कधी, तर बाळ येण्याच्या अर्धा तास आधीपासून ते नंतरच्या पंधरा मिनिटांपर्यंत सगळ्यात जास्त. म्हणजे ज्या वेळी बाई उठून जाऊ शकत नाही नेमकं तेव्हा. आणि कमी वयाच्या, कमी शिकलेल्या बायकांच्या वाट्याला जास्त. जागतिक आरोग्य संघटनेने तर २०१४ मध्येच लेखी म्हणून ठेवलंय की प्रसूतीच्या वेळी सन्मानाने वागवलं जाणं हा प्रत्येक बाईचा हक्क आहे.

वागणुकीला शून्य स्टार. शून्य देता येत नसेल तर अर्धा, तो त्या मावशीसाठी जिने माझे केस तोंडावरून मागे केले आणि काही न बोलता गेली.

आता उरलेली अर्धी गोष्ट.

मुलगा झाला, रडला, वार पण पडली, सगळं संपलं असं वाटलं आणि मला एकदम गार पडल्यासारखं व्हायला लागलं. खाली ओलं लागतंय एवढं कळत होतं. मला वाटलं असंच असतं बहुतेक. तीच सिस्टर, चापट मारलेली, येता जाता एकदा बघून गेली, थांबली, चादर वर केली आणि तिचा आवाजच बदलला. पुढचं तुकड्यातुकड्यात आठवतंय, एकीने पोटावरून पिशवी इतकी जोरात चोळली की मी किंचाळले, दोन्ही हातांना सुया, एक इंजेक्शन, दुसरं इंजेक्शन, कोणीतरी रक्ताच्या बाटलीसाठी पळालं, आणि ती सिस्टर माझ्या तोंडाजवळ वाकून सारखी म्हणत होती डोळे उघडे ठेव, बाळाचं नाव काय ठेवणार सांग, सांग ना. तासाभराने तिने कपाळावर हात ठेवला. तो हात थरथरत होता.

बाळंतपणानंतरचा रक्तस्राव. २०२३ मधल्या अंदाजाप्रमाणे जगात दरवर्षी सुमारे १ कोटी ४० लाख बायकांना होतो आणि त्यातल्या जवळपास ७० हजार जातात. सुरू झाल्यावर काहीच केलं नाही तर दोन तासात बाई जाऊ शकते, आणि तो कोणाला होणार हे बऱ्याचदा आधी सांगताच येत नाही. माझे सगळे रिपोर्ट नॉर्मल होते. हिमोग्लोबिन चांगलं, बीपी चांगलं, बाळ व्यवस्थित. घरी असते तर? नुसतं घरातून निघायलाच आम्हाला पाच तास लागले होते, त्यावरून काढा हिशोब.

जीव वाचवण्याला पाच स्टार. सहावा असता तर तोही.

हा भाग मी जावेला कधीच सांगितला नव्हता. पोटुशी बाईला कशाला असलं सांगायचं, घाबरेल बिचारी, असा विचार केला. मग तिच्याकडे काय राहिलं? अपमान नक्की होतो एवढं तिला माहिती, आणि धोका काय असतो ते कोणी सांगितलंच नाही. अशा हिशोबात मी असते तर मी पण म्हणाले असते घरी काय वाईट आहे. आणि हो, रागाच्या भरात एक गोष्ट मी स्वतःशीही कधी कबूल केली नव्हती, की चापट मारणारी आणि हात थरथरणारी बाई एकच होती. त्या रात्री चार टेबलांना ती एकटी होती. माफ करायचं की नाही ते माझं मी बघेन, पण रिव्ह्यूत दोन्ही यायला पाहिजे.

बायका दवाखान्यात का येत नाहीत यावर मग मी बरंच काय काय वाचत सुटले. साबीने गाब्रिश आणि ऊना कॅम्पबेल या संशोधकांनी २००९ मध्ये जुने अभ्यास गोळा करून तब्बल २० कारणं काढली, घरची परिस्थिती, बाईचं शिक्षण, वय, कितवं मूल, अंतर, खर्च, निर्णय कोणाचा, तपासण्या किती झाल्या, दवाखान्याचा दर्जा कसा वाटतो, असं सगळं. शिक्षण आणि पैसा ही कारणं सगळ्यांना तोंडपाठ असतात. मला जास्त विचार करायला लावणारं म्हणजे कितवं मूल हे. पहिल्या वेळी बायका जास्त संख्येने दवाखान्यात जातात आणि पुढच्या खेपेला त्यातल्या काही घरी राहतात. एकदा सुखरूप झालंय, आता काय होतंय, शिवाय घरी आधीचं लहान मूल, त्याला कोण बघणार. आणि ज्यांना पहिल्या वेळी वाईट वागवलं त्यातल्या कित्येक तर उंबराच ओलांडत नाहीत.

खर्चाचं म्हणाल तर बोर्डावर "मोफत" लिहिलं म्हणजे फुकट होत नाही. गाडी, बाहेरून आणायला लावलेलं औषध, सोबत आलेल्याची बुडालेली मजुरी, आणि बाळ दाखवायला हात पुढे करणारे. ही शेवटची रक्कम कुठल्याच कागदावर नसते. पण पैशाचा उपाय चालतो हेही खरं. भारतात २००५ ला जननी सुरक्षा योजना आली, दवाखान्यात बाळंत होणाऱ्या बाईच्या हातात पैसे देणारी, आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २००५-०६ ला दवाखान्यातल्या प्रसूती ३८.७ टक्के होत्या त्या २०१९-२१ ला ८८.६ टक्के झाल्या. सगळं श्रेय एका योजनेचं नाही, रस्ते झाले, मुली शिकल्या, फोन आले. पण दारापर्यंत आणलं म्हणजे काम झालं असंही नाही. उत्तर प्रदेशात १२० केंद्रांवर मोठा प्रयोग झाला, जागतिक आरोग्य संघटनेची २९ मुद्द्यांची तपासणी यादी घेऊन कर्मचाऱ्यांना शिकवलं, २०१७ ला निकाल आला. कर्मचारी हात धुणं वगैरे जास्त करायला लागले पण आया आणि बाळं दगावण्याच्या प्रमाणात फरक दिसला नाही. कागदावर टिक झाली तरी वेळेला रक्त, औषध, ऑपरेशन लागतंच ना.

बायकांना हे कळतं बरं का. टांझानियात संशोधकांना दिसलं की कित्येक जणी घराजवळचं छोटं केंद्र ओलांडून लांबच्या मोठ्या दवाखान्यात जातात, पदरचा खर्च करून. ज्यांना आपण "जनजागृती" करायला निघतो त्या आधीच दर्जा बघून निवडतायत.

आता दुसरं बाळंतपण, दीड वर्षापूर्वी. मी पण निवडलं. आधी जाऊन बघून आले, आठव्या महिन्यात, चप्पल काढून लेबर रूमच्या दारापर्यंत. छोटं केंद्र, घरापासून पंधरा मिनिटं. नर्सबाईंनी स्वतः दाखवलं, हे टेबल, हा पडदा, ही बाळाची जागा, इथे आई बसू शकते. मी तर बघतच राहिले. बसू शकते??

कळा सुरू झाल्या तसं मी स्वतः म्हणलं चला. (हे सगळ्यात मोठं, पण ते माझं, केंद्राचं नाही.) आई शेवटपर्यंत शेजारी. फिरू दिलं, पाणी पिऊ दिलं, आडवंच पडा असा हट्ट नाही, मी बराच वेळ गुडघ्यांवर ओणवी होते. आतून तपासायच्या आधी प्रत्येक वेळी सांगायच्या, आता तपासतेय, थोडं दुखेल, आणि तेही सारखं सारखं नाही, साधारण चार तासांनी. केस काढणं नाही, एनिमा नाही, बाळाची वाट मोठी करायला सरसकट कात्री नाही. यातल्या कशावर जागतिक आरोग्य संघटना काय म्हणते ते मी तोवर पाठच केलं होतं, त्यामुळे कान टवकारून बसले होते चुका काढायला, सापडल्या नाहीत फारशा. मुलगी झाली ती थेट माझ्या छातीवर, नाळ लगेच कापली नाही, मिनिटभर तरी थांबल्या. पहिल्या वेळी मुलाचं तोंड मी दोन तासांनी बघितलं होतं.

आणि एका वस्तूचा वेगळा रिव्ह्यू द्यायलाच पाहिजे, ती प्लास्टिकची चादर. बाळ आल्यावर खाली एक पारदर्शक चादर लावली, टोकाला पिशवीसारखी, तिच्यावर मापाच्या रेघा. मी विचारलं हे काय, तर म्हणाल्या रक्त किती गेलं ते नजरेने चुकतं, यात मोजता येतं. मागची हिस्टरी सांगितली होती त्यामुळे माझ्यावर जास्तच लक्ष होतं. घरी येऊन शोधलं. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया इथल्या ८० दवाखान्यांत दोन लाखांहून जास्त प्रसूतींवर हा प्रयोग झाला, २०२३ ला निष्कर्ष आले. नजरेच्या अंदाजाने जास्त रक्तस्रावाच्या साधारण निम्म्याच केसेस लक्षात यायच्या, चादर वापरल्यावर ९३ टक्के. आणि लक्षात आल्या आल्या गर्भाची पिशवी चोळणं, इंजेक्शनं, सलाईन, तपासणी हे सगळं एकदमच सुरू करायचं, एक करून बघू मग दुसरं असं नाही. गंभीर रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडायला लागणं किंवा मृत्यू, हे सगळं मिळून ६० टक्क्यांनी कमी. एका प्लास्टिकच्या चादरीने आणि पटापट हलणाऱ्या चार हातांनी! मी वाचून अर्धा तास नुसती बसले होते. पहिल्या वेळी माझं सगळं त्या सिस्टरच्या एका नजरेवर होतं. ती त्या क्षणी दुसऱ्या टेबलाकडे वळली असती तर.

चादरीला पाच स्टार, रेघा जरा ठळक हव्या होत्या एवढंच.

पण केंद्राला मी पूर्ण पाच देणार नाही. तिथे सीझर होत नाही, रक्त नाही, रात्री डॉक्टर फोनवर असतात. अडलंच तर मोठ्या दवाखान्यात पाठवणार. मी विचारलं होतं गाडी कुठे उभी असते, ड्रायव्हर रात्री असतो का, पुढच्या दवाखान्याला आधी फोन करता का नुसती चिठ्ठी देता, सोबत नर्स येते का. पहिल्या तिन्हींची उत्तरं मिळाली, शेवटच्याला म्हणाल्या "शक्यतो येते". हे शक्यतो मला आवडलं नाही. आणि माझी मागची हिस्टरी बघता खरं तर मी मोठ्या ठिकाणीच जायला हवं होतं, आधी रक्तस्राव झालेल्या बाईला पुन्हा होण्याची शक्यता जास्त असते. मी चांगल्या वागणुकीसाठी सुरक्षिततेत थोडी तडजोड केली. पार पडलं म्हणून आज इथे ऐटीत लिहितेय. चार स्टार, आणि माझ्या शहाणपणाला दोन.

म्हणजे बघा, शिकलेली, मरता मरता वाचलेली, सगळं वाचलेली बाई, आणि तरी मी पडदा आणि खुर्ची बघून ठरवलं. मग जावेला काय नावं ठेवायची.

घरी होण्याबद्दलही खोटं बोलणार नाही, कारण कोणीतरी म्हणणारच परदेशात तर घरी करतात. करतात. इंग्लंडमध्ये ६४ हजारांहून जास्त बायकांचा अभ्यास झाला, २०११ ला आला. ज्यांना काही धोका नाही आणि ज्यांचं पहिलं मूल नाही त्यांच्या बाळांना घरी जास्त धोका दिसला नाही. पण पहिलटकरणींच्या बाळांना घरी धोका जास्त दिसला, आणि त्यातल्या १०० पैकी ४५ जणींना एक तर मधेच नाही तर बाळ झाल्या झाल्या दवाखान्यात हलवावं लागलं. आणि तिथे घरी म्हणजे प्रशिक्षित मिडवाईफ (शिकलेली सुईण), तिच्याजवळ औषधं, आणि फोन केला की येणारी गाडी. ओळखीच्या बाईंचा हात कितीही हलका असला तरी त्यांच्या पिशवीत रक्त थांबवायचं इंजेक्शन नसतं, आणि ते थंड ठेवायला लागतं ते वेगळंच.

हे सगळं मी जावेला सांगितलं. रक्ताचंही. आधी पाच मिनिटं ती काही बोललीच नाही. मग म्हणाली, "एवढं झालं आणि तुम्ही नक्कल करून दाखवायचा?" मी काय बोलणार यावर. मग रागावली, चांगलीच, म्हणाली घाबरेन म्हणून लपवलं म्हणजे मी काय लहान आहे का. बरोबर होतं तिचं. रागावून झाल्यावर तिनेच विचारलं, दोन्हीकडचं चांगलं एका ठिकाणी कुठे मिळतं.

शोधलं. मोठंच ठिकाण, ऑपरेशन होतं, रक्त मिळतं, आणि एकीकडून कळलं की अलीकडे तिथे सोबतीला एका बाईला आत सोडतात. गेल्या आठवड्यात दोघी जाऊन आलो. लांब आहे, पाऊण तास. शेवटच्या आठवड्यात जवळपास कोणाकडे राहता येईल का ते बघतोय, इथिओपियात तर लांबच्या बायकांसाठी दवाखान्याच्या आवारातच राहायची घरं बांधलीत म्हणे, आमच्याकडे आमची आम्हालाच सोय बघायची. दिराला बजावून ठेवलंय की त्याचा फोन लागला नाही तरी आम्ही निघणार, गाडीवाले दोन ठरवलेत, एक उठला नाही तर दुसरा.

रिव्ह्यू अपुरा आहे कारण तिथलं खरं काय ते डिलिव्हरी झाल्यावरच कळेल, तेव्हा अपडेट करेन. सध्या एवढंच लिहिते की चौकशीला बसलेल्या सिस्टरना जावेने पहिलाच प्रश्न विचारला, "माझ्यासोबत आत कोणाला सोडणार?" त्यांनी रजिस्टरमधून मान वर केली आणि विचारलं, "तुम्हाला कोण हवंय?"

जावेने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "या ताई. पण नक्कल करणार नसतील तर."